गुलाबाला नेमकं झालंय काय?

पान पिवळं पडलं की खत घालायचं, डाग दिसले की दुकानदार देईल ते औषध मारायचं आणि तरीही रोप गेलं की ‘आमच्याकडे गुलाब जगतच नाही’ म्हणून मोकळं व्हायचं! त्यापेक्षा आधी रोग ओळखायला शिकलात तर? छाटणीचा सीझन तोंडावर आलाय, म्हणून खास तुमच्या कुंडीसाठी ही शिकवणी.

नर्सरीत गुलाब कसला देखणा दिसतो! तुकतुकीत पानं, दोन उमललेली फुलं, चार टपोऱ्या कळ्या. तुम्ही तो उचलता, रिक्षात मांडीवर सांभाळत घरी आणता, स्टोरी टाकता. पहिला महिना मजेत जातो. मग पाऊस लागतो. खालच्या पानांवर डाग येतात, पानं पिवळी होतात, गळतात आणि गणपती येईपर्यंत कुंडीत काटेरी काड्या तेवढ्या उरतात. हॉस्टेलची खिडकी असो, सोसायटीतली बाल्कनी असो की गावाकडचं अंगण, गोष्ट साधारण हीच असते.

गंमत म्हणजे, यातले बरेचसे गुलाब वाचवता येतात. ते मरतात ते रोगामुळे कमी आणि चुकीच्या उपचारामुळे जास्त. बुरशी झालेल्या रोपाला कीटकनाशक, किडीने पोखरलेल्याला बुरशीनाशक आणि पाण्याने गुदमरलेल्याला आणखी पाणी, असा सगळा उलटा कारभार चालतो. म्हणून औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी पान हातात घ्या.

आधी बघा, मग ठरवा

चांगला डॉक्टर गोळी लिहून देण्याआधी प्रश्न विचारतो. तुम्हीही रोपाला पाच प्रश्न विचारा. एक, त्रास कुठल्या पानांना आहे, खालच्या जुन्या की शेंड्याच्या कोवळ्या? दोन, डाग पानाच्या वर आहे, खाली आहे की दोन्हीकडे? तीन, डागाची कड कशी आहे, गोल, कोनदार, फाटल्यासारखी? चार, एकच फांदी बिघडली की सगळं झाड? आणि पाच, गेल्या आठवड्यात हवा कशी होती आणि तुम्ही पाणी कधी, कसं घातलंत?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वनस्पती रोगशास्त्रात एक साधा त्रिकोण शिकवतात: रोगाला बळी पडणारं रोप, रोग करणारा जंतू आणि त्या जंतूला मानवणारं हवामान. तिन्ही बाजू जुळल्या तरच रोग होतो. बुरशीचे बीजाणू हवेत असतात, ते तुम्ही संपवू शकत नाही. पाऊस थांबवू शकत नाही. पण तुमच्या बाल्कनीत पान किती वेळ ओलं राहतं, कुंड्या किती दाटीने ठेवल्यात आणि रोपाला ऊन किती मिळतं, हे मात्र तुमच्या हातात आहे. त्रिकोणाची एक बाजू तुटली तरी काम होतं.

फोटो काढून रोग सांगणारी ॲप्स आहेतच, वापरा की! पण ॲपला फक्त फोटो दिसतो. तुम्ही रात्री अकराला कॉलेजच्या सबमिशनमधून उठून पानांवर पाणी शिंपडलंत, हे त्याला कुठून कळणार? म्हणून ॲपचं उत्तर हा पहिला अंदाज समजा. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि अख्खं झाड असे तीन फोटो तारखेसकट ठेवा. आठवड्याने परत काढा. दोन फोटोंमधला फरकच अर्धं निदान करून देतो.

काळे ठिपके: पावसाळ्याचा पाहुणा

गुलाबाचा जगभरातला नंबर एकचा रोग हा. डिप्लोकार्पॉन रोझी नावाची बुरशी तो घडवते. ओळख सोपी आहे. पानाच्या वरच्या बाजूला गोलसर काळे ठिपके, त्यांची कड मात्र रेखीव नसते, शाई फुटल्यासारखी झालरीदार असते. ठिपक्याभोवती पान पिवळं पडतं आणि गळून जातं. सुरुवात बहुतेक वेळा खालच्या पानांपासून होते, कारण मातीवरचं पाणी उडून तिथेच आधी लागतं.

ही बुरशी पाण्याच्या थेंबांवर स्वार होऊन फिरते. बीजाणू पानात शिरायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. आता विचार करा, संध्याकाळी पानांवर पाणी मारलं तर ते कधी सुकणार? दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे बुरशीला आपण रात्रभराची मुक्कामाची सोय करून दिली! तेच पाणी सकाळी, बुंध्याशी, मातीत घातलं तर हा रोग निम्म्यावर येतो. एक रुपयाही खर्च नाही.

ठिपकेवाली पानं तोडा, कुंडीत पडलेली वेचा आणि थेट कचऱ्यात टाका. ती घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, कारण गळलेल्या पानावरही बुरशी टिकून राहते. एकाच दिवशी सगळं झाड भुंडं करू नका मात्र. पान हे रोपाचं स्वयंपाकघर आहे. बहुतेक पानांवर ठिपके असतील तर जास्त खराब असलेली आधी काढा, नवी फूट आली की उरलेली.

आणखी एक लक्षात ठेवा. ठिपका पडलेलं पान परत हिरवं होत नाही, कितीही महागडं औषध मारा. उपचार लागू पडला की नाही हे जुन्या पानावर बघायचं नसतं, नव्या फुटीवर बघायचं असतं. नवी पानं स्वच्छ येत असतील तर तुम्ही जिंकताय.

भुरी: थंडीतली पांढरी पावडर

पाऊस गेला, दिवसा कोरडी हवा, रात्री गारवा, पहाटे दमटपणा. आपल्याला स्वेटर काढावासा वाटतो तेव्हा भुरीचाही सीझन सुरू होतो. कोवळ्या पानांवर, देठांवर, कळ्यांच्या मानेवर कुणीतरी टाल्कम पावडर शिंपडल्यासारखं दिसतं. पानं आकसतात, मुरडतात आणि कळी नीट उमलत नाही.

भुरी आणि काळे ठिपके यांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. काळ्या ठिपक्यांना पानावर पाणी लागतं. भुरीला ते नको असतं, हवेतला दमटपणा तिला पुरतो. काळे ठिपके जुन्या पानांवर आधी दिसतात, भुरी कोवळ्या शेंड्यांवर. म्हणून ‘बुरशीचं औषध द्या’ एवढंच दुकानात सांगून भागत नाही.

पांढरं दिसलं की लगेच भुरी ठरवू नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग, रस्त्यावरची धूळ, आधीच्या फवारणीचा थर हेही पांढरंच दिसतं. बोटाने पुसून बघा. भुरी पुसली तरी दोन-चार दिवसांत परत उगवते आणि तिच्याखालचं कोवळं पान मुरडलेलं असतं. धूळ परत उगवत नाही!

इथे एक किस्सा सांगण्यासारखा आहे. फ्रान्समधल्या द्राक्षबागांत रांगांच्या टोकाला गुलाब लावायची जुनी पद्धत आहे. गुलाबावर आधी भुरी दिसते, मग द्राक्षवाला सावध होतो, असं तिचं कारण सांगतात. नाशिककडच्या मित्रांना भुरी हा शब्द नवा नाही. पण द्राक्षावरची भुरी आणि गुलाबावरची भुरी या दोन वेगवेगळ्या बुरशा आहेत. गुलाबाची भुरी द्राक्षावर जात नाही. गुलाब फार तर ‘हवा भुरीची आहे’ एवढं सांगतो. तुमच्या बाल्कनीतही तेच. गुलाबावर भुरी आली म्हणजे शेजारच्या मोगऱ्याला ती लागेल, असं नाही.

डाउनी: पॉलिहाउसवाल्यांची झोप उडवणारा

व्हॅलेंटाइन्स डेला हातात येणारा लांब दांड्याचा लाल गुलाब बहुधा मावळातून, तळेगावच्या आसपासच्या पॉलिहाउसमधून आलेला असतो. छाटणीनंतर फूल यायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. त्यामुळे चौदा फेब्रुवारीचं गणित डिसेंबरातच मांडावं लागतं. आणि नेमकं याच काळात, ढगाळ गार हवा आणि प्लास्टिकच्या छताखाली साचलेला दमटपणा एकत्र आला की डाउनी मिल्ड्यू, शेतकऱ्यांच्या भाषेत नुसतं ‘डाउनी’, झडप घालतो.

पानांवर जांभळट-तांबूस, शिरांच्या मधे अडकलेले कोनदार डाग पडतात. काळ्या ठिपक्यांसारखे गोल नाहीत. दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला फिकट राखाडी बुरशी दिसू शकते. आणि मग पानं इतक्या वेगाने गळतात की चार दिवसांपूर्वीची भरगच्च रांग उघडी पडते. ज्याचं वर्षाचं उत्पन्न एका आठवड्याच्या विक्रीवर अवलंबून आहे, त्याचं काय होत असेल विचार करा. म्हणून ही मंडळी रोज पानं उलटून बघतात, पडदे वर करून हवा खेळती ठेवतात. आपल्याला चाळीस रुपयांचं फूल महाग वाटतं, पण त्यामागे ही रोजची राखण असते.

घरच्या कुंडीत डाउनी कमी दिसतो. तरी काचेने बंद केलेल्या बाल्कनीत, दाटीने ठेवलेल्या कुंड्यांत येऊ शकतो. उपाय तोच: खिडकी उघडा, कुंड्यांत हातभर अंतर ठेवा.

डायबॅक: वरून खाली येणारं मरण

छाटणी केली, फांदीचं टोक तपकिरी झालं, मग काळं आणि तो काळेपणा रोज थोडा थोडा खाली सरकतोय? हा डायबॅक. छाटणीची जखम हे बुरशीसाठी उघडं दार असतं. बोथट कात्रीने फांदी चिरडली गेली, डोळ्याच्या खूप वर ठूठ सोडलं किंवा भर पावसात कापलं तर हे दार जास्तच उघडतं. वाट बघाल तेवढं रोप आतून वाळत जातं आणि काळेपणा बुंध्यापर्यंत पोचला की काही करता येत नाही.

उपाय धाडसाचा आहे. काळ्या भागाच्या खाली दोन-तीन इंच, निरोगी हिरव्या भागात कापा. कापलेल्या तोंडाकडे बघा. आतला गर पांढरट-हिरवा हवा. तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसा, नाहीतर तुम्हीच रोग एका फांदीवरून दुसरीवर न्याल.

जखमेवर लावायला महाराष्ट्रातल्या बागायतदारांचं जुनं भरवशाचं औषध म्हणजे बोर्डो पेस्ट. तिची कथाही मस्त आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडायचे. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रोगाने बाकीच्या वेली झोडपल्या, पण या निळ्या वेलींची पानं शाबूत आहेत. त्यांनी प्रयोग केले, १८८५ साली ते जाहीर केले आणि चोरांसाठीचा उपाय बुरशीवरचा उपाय झाला.

कुंडीपुरती पेस्ट करायची तर १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही ५०-५० मिली पाण्यात वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत कालवा आणि मग एकत्र करा. धातूचं भांडं नको. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. केमिस्ट्रीवाल्यांना कारण सांगायला नकोच: मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर बसतं. हातात ग्लोव्हज घाला, ब्रशने कापलेल्या तोंडाला लावा, उरलेलं लहान मुलांच्या आणि मांजरांच्या वाटेत ठेवू नका. मोरचूद विषारी असतो.

ज्यांना औषध नाही

बुंध्याशी, मातीच्या जवळ खडबडीत गाठी दिसल्या तर तो क्राउन गॉल. हा बुरशीचा नाही, ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचा उद्योग. मातीत राहतो, जखमेतून शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचा तुकडा रोपाच्या पेशीत घुसवतो. त्या डीएनएच्या हुकमाने पेशी वेड्यासारख्या वाढतात, त्याचीच गाठ होते. १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा डीएनए रोपाच्या पेशीत सापडतो हे दाखवलं आणि पुढे जेनेटिक इंजिनिअरिंगने हीच युक्ती उसनी घेतली. बायोटेकच्या मुलांनो, तुमच्या सिलॅबसमधला धडा नर्सरीच्या कुंडीत बघायला मिळतो तो असा. यावर खात्रीचा इलाज नाही. गाठीवालं रोप मातीसकट काढून टाका, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. नर्सरीत रोप घेतानाच बुंधा तपासा.

दुसरा मोझॅक. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा, नक्षी काढल्यासारख्या. हा विषाणूचा रोग, बहुतेक वेळा डोळा भरतानाच रोगट काडीतून आलेला. फवारून जात नाही. पण घाबरूनही जाऊ नका, असं रोप कमी जोमाने का होईना, वर्षानुवर्षं जगू शकतं. फक्त त्याची काडी मैत्रिणीला देऊ नका.

रोग नसलेले रोग

निम्म्या वेळा तर रोग नसतोच. ही यादी फोनमध्ये सेव्ह करा.

लाल कोळी: मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात पानं फिकट, बारीक ठिपक्या-ठिपक्यांची होतात, खाली बारीक जाळी दिसते. पांढऱ्या कागदावर पान झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले की समजा कोळी. बुरशीनाशकाचा यावर उपयोग नाही. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. आता म्हणाल, पानावर पाणी नको असं आत्ताच सांगितलंत! हो, पण उन्हाळ्यात सकाळी भिजलेलं पान तासाभरात सुकतं. नियम पाण्याचा नाही, ओलं राहण्याच्या वेळेचा आहे.

फुलकिडे: कळी उमलता उमलत नाही, पाकळ्यांच्या कडा करपतात. तीच कागदाची परीक्षा करा. खराब कळ्या काढून टाका.

मावा: कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या किड्यांची दाटी आणि चिकटपणा. बोटाने पुसा, पाण्याने धुवा.

पानावर कंपासने काढल्यासारखे अर्धगोल कापे: घाबरू नका. हे पानकाप्या मधमाशीचं काम. ती पानाचा तुकडा घरट्यासाठी नेते, खात नाही. ती परागीभवन करणारी आपली मैत्रीण आहे. काहीही करू नका.

कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत किंवा जड पाण्यावर हे सर्रास होतं. माती विम्लधर्मी झाली की लोह असूनही मुळांना घेता येत नाही.

सगळं रोप मलूल, माती मात्र ओली: जास्त पाणी. दोन पेरं बोट मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. कुंडीचं भोक बुजलंय का बघा, खालच्या ताटलीतलं साठलेलं पाणी ओतून द्या.

एकच फांदी जोरात वाढतेय, पानं बारीक, फूल नाही: डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेला जंगली फुटवा. आनंदाने वाढवू नका. तो मूळच्या गुलाबाचं जेवण खातोय. जिथून निघालाय तिथून ओढून काढा.

घरगुती उपायांचं खरं-खोटं

रील्समध्ये दालचिनीपासून कोलगेटपर्यंत सगळं गुलाबावर मारून झालंय. त्यातल्या दोन गोष्टींवर खरोखर प्रयोग झालेत.

पहिला खायचा सोडा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केनेथ हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी सोडा आणि बागेत वापरायचं तेल एकत्र करून गुलाबाच्या भुरीवर आणि काळ्या ठिपक्यांवर वापरलं. १९९२ साली ते प्रसिद्ध झालं आणि परिणाम चांगले होते. एक लिटर पाण्यात साधारण ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर सोडा, एवढंच प्रमाण. जास्त घातलात तर पानं भाजतात. आणि महिनोन्महिने मारत राहिलात तर सोडियम कुंडीत साठतं.

दुसरं दूध. ब्राझीलचे शास्त्रज्ञ वाग्नर बेट्टिओल यांनी १९९९ साली झुकिनीच्या भुरीवर पातळ केलेलं दूध यशस्वी वापरलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी. तो प्रयोग झुकिनीवरचा आणि भुरीवरचा होता, हे विसरू नका. काळ्या ठिपक्यांवर दूध ओतून उपयोग नाही. मावा-कोळ्यांसारख्या मऊ अंगाच्या किडींवर कडुनिंबाचं तेल साबणाच्या दोन थेंबांसोबत चालतं.

कुठलीही फवारणी आधी दोन पानांवर करून दोन दिवस थांबा. सकाळी लवकर मारा, ऊन चढायच्या आत.

बाटली उघडण्याआधी

घरगुतीने भागलं नाही तर औषध लागतं, त्यात लाज नाही. भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक वर्षानुवर्षं वापरलं जातंय, फक्त कडक उन्हाळ्यात नको, पानं जळतात. तेल मारलं असेल तर गंधक दोन आठवडे लांब ठेवा. बुरशीनाशकं दोन जातींची असतात: पानावर थर होऊन बसणारी स्पर्शजन्य आणि रोपात शोषली जाणारी आंतरप्रवाही. एकच आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा मारलं की बुरशी त्याला सरावते, मग डोस वाढवूनही उपयोग होत नाही. अँटिबायोटिकचं जे, तेच इथेही.

पण सगळ्यात आधी बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघा. आपल्याकडे प्रत्येक कीडनाशकाच्या लेबलवर तो असतोच. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सगळ्यात कमी विषारी हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं काहीही बाल्कनीत आणू नका, एका गुलाबासाठी तर नाहीच.

हे उगाच भीती घालणं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण हॉस्पिटलमध्ये गेले. ती उघड्या रानातली गोष्ट. तुमच्या बाल्कनीत मागे बेडरूमची खिडकी आहे, दोरीवर कपडे आहेत, खालच्या मजल्यावर एखादं रांगतं मूल आहे. मास्क, ग्लोव्हज, पूर्ण बाह्या, वारा नसलेली वेळ आणि लेबलवरचंच प्रमाण. ‘थोडं जास्त मारू, लवकर बरं होईल’ हे औषधाला लागू नाही, ना माणसाच्या ना झाडाच्या.

आणि हो, गुलकंद! फवारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या खायच्या नाहीत. फुलवाल्याकडच्या गुलाबाच्या तर कधीच नाहीत, ते खाण्यासाठी पिकवलेलेच नसतात. गुलकंद करायचा असेल तर गावठी गुलाबाची एक कुंडी वेगळी ठेवा, तिच्यावर काही मारू नका.

आता लागा कामाला

ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं की छाटणी करा. धारदार कात्री, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप. वाळलेल्या, काळ्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा, म्हणजे झाडाच्या मधोमध हवा खेळेल. पडलेलं पानन् पान वेचा. वरची इंचभर माती बदला, शेणखत घाला. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी कुंडी हलवा. तेवढं ऊन तुमच्या घरात येतच नसेल तर गुलाबाचा हट्ट सोडा. सावलीत वाढणारी कितीतरी झाडं आहेत, गुलाबाला आजारी ठेवण्यापेक्षा ते बरं.

मग वर्षाचं वेळापत्रक सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भुरीवर नजर, शेंडे बघायचे. मार्च ते मे लाल कोळी, पानं उलटून बघायची. जून ते सप्टेंबर काळे ठिपके, खालची पानं बघायची. आठवड्यातून एकदा, रविवारी चहा पिताना पाच मिनिटं पुरतात.

नवं रोप घेणार असाल तर जात विचारून घ्या. काही जाती रोगाला पटकन बळी पडतात, काही काटक असतात. ही काटक जात आपोआप येत नाही, कुणीतरी ती घडवतं. डॉ. बी. पी. पाल हे नाव शोधून वाचा. गव्हाच्या तांबेऱ्याला दाद न देणारं वाण तयार करणारे हे शास्त्रज्ञ पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि त्यांनीच हौसेने गुलाबाच्या कितीतरी नव्या जातीही तयार केल्या. देशाच्या पोळीची काळजी करणाऱ्या माणसाला गुलाबासाठीही वेळ होता. आपल्याला आठवड्याची पाच मिनिटं तर नक्कीच काढता येतील.

तेव्हा उद्या सकाळी आधी पाणी नका घालू, खत नका टाकू. फक्त एक पान उलटून बघा. काय दिसतं?